अंडीवाले सर

शिरूरपासून दौंडपर्यंत त्यांना सगळे 'अंडीवाले सर' म्हणायचे, आणि नवीन माणसाला वाटायचं, यांची पोल्ट्री असेल. पोल्ट्री असती तर बरं झालं असतं, निदान कुणाच्या पोटात तरी काही गेलं असतं. सरांचं काम गाईंच्या अंड्यांवर होतं. न्हावरे फाट्याच्या अलीकडे, उसाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडला आतून टाइल्स लावून त्यांनी लॅब केली होती. गाईच्या बीजकोशातून सुईनं अंडी काढायची, उबेच्या पेटीत पिकवायची, वीर्याशी त्यांची गाठ घालून द्यायची आणि वाढलेला गर्भ दुसऱ्या गाईच्या पोटात ठेवायचा, असा तो कारभार. मी झूलॉजीत एम.एस्सी. करून शिरूरला घरात बसले होते, तिथून मला त्यांनी उचललं. तोंडावर 'सर' म्हणायची म्हणून इथंही म्हणते. त्याहून जास्त मान माझ्याकडून मिळणार नाही.

पहिल्या दिवशी दारातच त्यांनी माझा वास घेतला. खोटं सांगत नाही. नाक पुढं करून, डोळे मिटून, मानेपासून वीतभर अंतरावर. मी दोन पावलं मागं सरले. मला वाटलं, झालं, नोकरी पहिल्याच दिवशी सोडावी लागणार. सर म्हणाले, "पावडर. पाँड्स नाही, दुसरी कुठली तरी. धुऊन या."

नंतर कळलं की ते सगळ्यांचाच वास घेतात. अंड्यांना वास सोसत नाही, हे त्यांचं म्हणणं आणि त्यात चूक काही नव्हती. पेटी खोलीतलीच हवा आत घेते. अत्तर, फिनेल, रंग, धूर, यातलं जे हवेत असेल ते अंड्यांपर्यंत जातं. शास्त्र बरोबर होतं. पण शास्त्र बरोबर असलं म्हणून माणसानं किती त्रास द्यावा? सणसवाडीहून एसी दुरुस्त करायला पोरगा यायचा, गोरखपूरचा. त्याला सर बाहेर उन्हात उभा करून विचारायचे, "सेंट लगाया क्या?" तो बिचारा म्हणायचा, "साबुन है साहब, नहाया हूँ." "क्यों नहाया?" यावर त्यानं काय सांगावं? एकदा संक्रांतीचं हळदीकुंकू होतं म्हणून मी सकाळीच गजरा माळून आले, तर मला मागच्या नळाखाली गार पाण्यानं डोकं धुवायला लावलं. जानेवारीतलं पाणी, मेंदू बधिर झाला. दात वाजत होते आणि हे गृहस्थ खिडकीतून सांगत होते, "अजून. मोगरा अजून आहे."

आमचे मारुतीमामा, म्हणजे लॅबची झाडलोट करणारे आणि गाडीही चालवणारे, ते घरून निघताना तंबाखूसुद्धा खात नसत. म्हणायचे, "पोरी, बायकोनं सोडायला लावली तवा सुटली न्हाई, ह्या बाबानं नुसत्या नाकानं सोडवली." मामांना सरांचं कौतुक होतं. सुरुवातीला मलाही होतं, उगाच नाही कशाला म्हणू.

कारण बोलायला लागले की माणूस वेगळाच व्हायचा. मायक्रोस्कोपखाली अंडं आलं की त्याला 'बाईसाहेब' म्हणायचे. "या बाईसाहेब. केव्हा उठलात?" अंड्याभोवती पेशींची दाट गुंडाळी असते, ती नीट असली की म्हणायचे, "शालू चांगला आहे." गावोगावच्या शेतकरी मेळाव्यात ते हेच सांगत फिरायचे, आणि सांगायचे झकास. "कालवड आईच्या पोटात असते ना, तेव्हाच तिची सगळी अंडी तिच्या पोटात तयार असतात. म्हणजे तुमच्या दावणीला जी गाय आहे, तिचं बी तिच्या आजीच्या पोटात होतं! मग ते अंडं झोपतं. वर्षानुवर्षं झोपतं. आजूबाजूच्या पेशी बारीक बारीक हात आत घालून त्याला भरवत राहतात. आणि ते साठवतं. कशासाठी? वाटेसाठी. गर्भाची पहिली वाटचाल सगळी त्या शिदोरीवर होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तोवर गर्भाला स्वतःचं काही येत नसतं. आईनं बांधून दिलेलं खायचं आणि पुढं चालायचं. आणि वळू? वळू म्हणजे पोस्टमन. चिठ्ठी टाकतो आणि जातो."

ह्या पोस्टमनवरनं एकदा मोठा तमाशा झाला. मांडवगणच्या बाजूचे एक बागायतदार आप्पा होते, त्यांच्याकडं नावाजलेला वळू होता. आप्पा त्याचा फोटो फ्रेम करून घेऊन आले होते. फेटा बांधलेला, गळ्यात हार, शेजारी आप्पांचे चिरंजीव. सर फोटोकडं बघून म्हणाले, "पोस्टमन तब्येतीनं चांगला आहे." आप्पांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते असे लाल झाले की मारुतीमामा पाणी आणायला पळाले. "सर, माझ्या जनावराला काय बी बोला, पण दारात बोलावून आपमान करताय व्हय?" सर शांत. "अपमान कसला? टपाल खातं सरकारी आहे." आप्पा परत कधी आले नाहीत. आता खरं सांगायचं तर वळूकडून नुसती चिठ्ठी येत नाही. अंड्याची पहिली विभागणी उरकायला जे अवजार लागतं ते गाईच्या बाबतीत वळूकडूनच येतं. हे मी सरांना म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ते अवजार चोरलंय. आपल्याला सोयीचं नसलेलं खरं त्यांना ऐकूच यायचं नाही. हे तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं मी.

सुमनमावशी आम्हाला अशाच एका मेळाव्यात भेटल्या, वडगाव रासाईला. सगळे बाप्ये पुढं खुर्च्यांवर, बायका मागं सतरंजीवर. सरांचं शिदोरीचं बोलून झालं तशी मागून एक बाई उभी राहिली. पन्नाशीच्या पुढची, काठापदराचं लुगडं, हाताला वैरणीचा वास. "म्हंजी सर, सगळं बाईचंच असतंय म्हना की."

"सगळं," सर म्हणाले.

"मग नाव का वळूचं घेत्यात?"

बायका हसल्या, बाप्ये हसले नाहीत. सर खूश. त्यांनी तिला पुढं बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं की इतक्या वर्षांत इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नाही. मावशींनी पदर तोंडाला लावला.

त्यांची गाय हरणी. तांबडी, दुधाला अशी की गावात तिच्यासारखी दुसरी नव्हती. पण दरवेळी गोऱ्हाच व्हायचा. एकदाच कालवड झाली, ती लम्पीच्या साथीत गेली. आणि आता हरणीच्या पोटात तार गेली होती, कुट्टीतून. वैरणीचे भारे तारेनं बांधतात, तो तुकडा राहिला असावा. ती तार सरकत सरकत काळजापाशी गेलेली. गळ्याखाली सूज लोंबायला लागली होती. गावच्या डॉक्टरनं सांगून टाकलं होतं की ही आता राहत नाही. मावशींची एकच इच्छा होती, हरणी जाण्याआधी तिची एक कालवड मागं राहावी. दुसऱ्या गाईच्या पोटातून का होईना.

आम्ही अंडी काढायला गेलो त्या दिवशी मावशी हरणीच्या तोंडापाशी उभ्या राहून तिच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. सर गोठ्यात शिरल्यापासून नाकाला रुमाल. सोनोग्राफीचं मशीन लावलं, पडद्यावर बीजकोश दिसला, सर सुई सरकवत गेले. हात मात्र त्यांचा सोन्याचा होता, हे कबूल करते. गाय हललीसुद्धा नाही. मी अंडी गरम फ्लास्कमध्ये घेतली. मावशी मला म्हणाल्या, "आमाला मूलबाळ न्हाई, पोरी. सासू मरस्तोर म्हनत व्हती, दोष हिच्यातच हाय. दौंडच्या डाक्टरनं मलाच तपासलं. मालकास्नी कुनी तपासलंच न्हाई. मला बी वाटायचं, आसंल बाबा आपल्यातच. तुमच्या सरांचं आयकलं आन् पहिल्यांदा वाटलं, बाईच्या बाजूनं कुनी तरी बोललं." फ्लास्क छातीशी धरून गाडीत बसले.

लॅबमध्ये येऊन बघितलं तर अंडी अशी सुरेख की विचारू नका. शालू घट्ट, आतला गर सारखा. आजारी गाईची म्हणून मला भीती होती, पण काळजाला तार लागली तरी त्या जनावरानं शिदोरी भरून ठेवली होती. सर मान वर न करता म्हणाले, "वा, बाईसाहेब." त्याच दिवशी दुसऱ्या एका तरण्या गाईचीही अंडी आली होती. दोन्ही आम्ही जुन्या पेटीत पिकायला ठेवली. दुसऱ्या दिवशी, कालवडीच होतील असं निवडलेलं वीर्य घालायचं, की पुढचा आठवडा फक्त वाट बघायची.

आणि नेमका त्याच आठवड्यात नवीन पेटीचा मुहूर्त!

नवीन पेटी म्हणजे सरांचं लग्नच होतं म्हणा. परदेशी, चकचकीत. तिचं उद्घाटन करायला दूध संघाचे अध्यक्ष येणार होते, आणि अध्यक्षांच्या मनात आलं तर अशा चार लॅब निघणार होत्या आणि सगळ्यांवर सर. झालं. ज्या माणसानं माझ्या केसातला मोगरा नळाखाली धुवायला लावला, त्यानं आदल्या दिवशी भिंतींना रंग लावून घेतला. आतून! ऑइल पेंट! मी दारात पाऊल टाकलं तर डोळ्यांत पाणी आलं. मारुतीमामा हातातला ब्रश लपवायला लागले, जणू त्यांनीच गुन्हा केलाय.

"सर, आत गर्भ आहेत," मी म्हटलं.

"पेटी बंद आहे."

"पेटी हवा आत घेते. तुम्हीच सांगता."

"एका दिवसानं काही होत नाही. भिंतींवर बुरशीचे डाग होते, ते अध्यक्षांना दाखवू का?"

वर आणखी कहर म्हणजे गर्भ जुन्या पेटीतून काढून नवीन पेटीत ठेवायला सांगितले. मी म्हटलं, नवीन पेटी अजून दोन दिवससुद्धा चालवून बघितलेली नाही, रिकामीच दाखवा. तर म्हणतात, "रिकामी पेटी म्हणजे फ्रीज. अध्यक्ष काय फ्रीज बघायला येतायत?" मी नाही म्हटलं. हात लावणार नाही म्हणून बाजूला उभी राहिले. त्यांनी स्वतःच्या हातांनी ठेवले. हरणीचेसुद्धा.

अध्यक्ष आले तेव्हा त्यांच्यासोबत अर्धा तालुका. कुणाच्या अंगाला काय काय फवारलेलं, देव जाणे. हार, शाली, फटाक्यांचा वास कपड्यांत घेऊन आलेली पोरं. आणि दारात सर उभे, हात जोडून. नाक? नाक कुठं गेलं होतं त्या दिवशी? एकाचाही वास घेतला नाही! उलट म्हणतात, "या साहेब, चपला असू द्या."

मग पूजा. आता आपल्याकडं नवीन ट्रॅक्टर आला तरी हळदकुंकू लावतात, कंपन्यांतनं मशीनला नारळ फुटतो, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण ते बाहेर करा ना! तर ह्या माणसानं पेटीच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पेटीपुढं उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला, आणि कापूर पेटवून आरती ओवाळली. स्वतः. त्या बंद खोलीत कापराचा धूर छताला लागून खाली उतरायला लागला. अध्यक्ष म्हणाले, "जरा आतलं दाखवा की." आणि सरांनी पेटीचं दार उघडलं. धुरात. उघडं ठेवून समजावत बसले, "साहेब, इथं आतमध्ये जीव आकाराला येतायत." टाळ्या पडल्या. मी मागं उभी राहून ताटातला पेढा हातात घट्ट दाबत होते, त्याचा लगदा झाला.

गर्भ आठ पेशींपर्यंत गेले आणि थांबले. सगळे. रोज सकाळी मी बघायची आणि रोज तेच. आठच्या पुढं गर्भानं स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं, आईची शिदोरी संपत आलेली असते. तिथंच बसले ते. हरणीचे बसले, आणि तरण्या गाईचेही तिथंच बसले. एका गाईत दोष असता तर दुसरीचे चालले असते, एवढं कळायला एम.एस्सी. लागत नाही.

मावशी आल्या त्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. वडगावहून जीपनं, मग फाट्यावरून चालत. चेहरा उतरलेला. मला वाटलं, चालून दमल्यात. दारात थांबून त्यांनी आधी हात धुतले, पदर झटकला. आत येऊन सरांना नमस्कार केला आणि विचारलं, "सर, हरनीची किती धरली?"

सर खुर्चीत मागं टेकले. आणि हे शब्द मी आयुष्यात विसरणार नाही. म्हणाले, "बाई, अंड्यातच दम नव्हता. आजारी गाय, वय झालेलं. शिदोरीच अपुरी पडली. त्याला आम्ही काय करणार?"

बघा म्हणजे! पंचक्रोशीत फिरून सांगायचं की सगळं आईचं, सगळं आईचं. का, तर शेवटी दोष द्यायची वेळ आली की तोही सगळा आईलाच द्यायला बरा. सासूनं वेगळं काय म्हटलं होतं? सासू निदान मायक्रोस्कोप घेऊन बसली नव्हती.

मावशींची मान खाली गेली. हळूच म्हणाल्या, "आसंल. तार लागलीवती तिला."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, हरणीची अंडी उत्तम होती. मी स्वतः बघितली. आत रंग लावला, कापूर जाळला, पेटी उघडी ठेवली, म्हणून मेली. दुसऱ्या चांगल्या गाईचीही मेली. गाईचा दोष नाही."

सर उठले. "तुम्ही बाहेर जा."

"जाते. पण आधी त्यांना खरं सांगा."

मावशी कधी माझ्याकडं, कधी त्यांच्याकडं बघत होत्या. सरांना वाटलं असावं, आता काही तरी देऊन टाकावं. आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघा, तांत्रिक कारणं बरीच असतात. आपण असं करू, परवा गाडी पाठवतो. पुन्हा काढू हरणीची अंडी. त्यात काय एवढं!"

"हरनी काल सकाळी गेली, सर," मावशी म्हणाल्या.

मारुतीमामा दारात चहाचे पेले घेऊन उभे होते, ते तिथंच उभे राहिले.

"तिला गाडलं आन् मग आले. म्हनलं, ती गेली तरी तुमच्या पेटीत हाय. मालक म्हनले नगं जाऊ. पन म्हनलं, बघून तर येते." त्या रडत नव्हत्या. "माझं दुसरं काई म्हननं न्हाई सर. झालं ते झालं. तिच्यात खोट नव्हती, येवढं तुमच्या तोंडानं म्हना. म्हंजी मी घरी जाऊन सांगते."

इतकं सोपं वाक्य होतं! ज्या माणसाला अंड्यावर तासच्या तास बोलताना मी ऐकलं होतं, ज्याला मंडपात मध्येच थांबवावं लागायचं, त्याला त्या दिवशी एक वाक्य सुचेना. त्यांनी टेबलावरचा पेन उचलला, खाली ठेवला. चष्मा पुसला. मावशी उभ्याच. शेवटी म्हणाले, "चहा घ्या," आणि आतल्या खोलीत निघून गेले. मावशींनी चहा घेतला नाही.

मी माझा पांढरा कोट खुंटीला लावला आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडले. परत गेले नाही. लोक म्हणतात, सर अजून मेळावे घेतात, चार लॅब झाल्या म्हणे. होऊ देत. माझ्या लेखी तो माणूस त्या दुपारीच संपला.

आम्ही फाट्याकडं निघालो. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, रस्त्याच्या कडेनं चालताना धूळ अंगावर येत होती. दौंडकडची एसटी लांबून दिसली तशी मावशींनी माझा हात धरला.

"पोरी, येक सांग. त्यास्नी खरंच कळत न्हाई, का म्हनवत न्हाई?"

"कळतं मावशी," मी म्हटलं. "त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही."

"मग लई वंगाळ," त्या म्हणाल्या आणि एसटीत चढल्या.